अक्कांचे वाकडे पीळ

रूपाचा फोन आला तेव्हा मी जळोचीच्या घरी नुकतीच अंघोळ करून बाहेर आले होते. आठ दिवस दवाखान्याच्या बाकावर काढल्यावर त्या सकाळी रूपानंच मला बळंबळं घरी धाडलं होतं. "काकी, जा, अंग धुऊन चार घास खाऊन ये, मी हाय हितं." फोनवर ती एवढंच म्हणाली, "काकी, आई गेली." मी "आले" म्हणाले, फोन ठेवला आणि ओल्या केसांनी तशीच पलंगावर बसले. मला रडू आलं नाही. जे आलं ते सांगायचा धीर आजवर झाला नव्हता... मला सुटल्यासारखं वाटलं. आता अक्का शुद्धीवर येणार नाहीत, आता त्या मला काही विचारणार नाहीत. ज्या बाईनं माझ्या हातात पहिल्यांदा सुई दिली, तिच्या मरणाच्या बातमीवर माझ्या मनात आलेला पहिला विचार हा होता.

अक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई आणि रूपाची आई. त्यांना जाऊन आता सहा-सात आठवडे होतील. या दिवसांत भेटायला आलेल्यांनी त्यांच्याबद्दल चांगलं खूप सांगितलं आणि ते सगळं खरं आहे. मी मात्र गप्प राहिले. घरात मला तशीही घुमी म्हणतात, त्यामुळं कुणाला वेगळं वाटलं नाही. पण अक्कांच्या डोक्यात जी गाठ वाढत होती तिची खूण आठ महिने त्यांच्या विणकामात दिसत होती. ती फक्त मला दिसत होती, आणि मी ती कुणाला दिसू दिली नाही. हे सांगितल्याशिवाय अक्कांबद्दल दुसरं काही लिहिण्याचा मला अधिकार नाही.

लग्न होऊन मी कन्हेरीला आले तेव्हा अक्कांचं लग्न होऊन सहा वर्षं झाली होती. माझ्या माहेरी शिक्षणाचं कौतुक, हातकामाचं नाही. मला साधं बटण लावता येत नव्हतं. दुपारी भांडी झाली की अक्का ओसरीवर क्रोशाची सुई आणि लोकरीचा गुंडा घेऊन बसायच्या. रुमाल, तोरणं, टेबलक्लॉथ सगळे करतात, पण अक्कांचा जीव पिळांत होता. पीळ म्हणजे दोऱ्याची कुरळी लड. पर्सच्या चेनला, मोबाइलच्या पाऊचला, मुलींच्या केसांच्या रबराला, ब्लाऊजच्या नाडीला लोंबणारी. करायला सोपी दिसते. आधी तीस घरांची साखळी घालायची, मग तिच्या प्रत्येक घरात तीन-तीन खांब भरायचे, म्हणजे सुईवर वेढा घेऊन उंच केलेले टाके. कडेला टाक्यांची एवढी दाटी होते की साखळी सरळ राहूच शकत नाही, आपोआप गोल गोल वळत जाते. मी पहिल्यांदा विचारलं, "अक्का, ह्याला वळवता कसं?" तर हसून म्हणाल्या, "मी कशाला वळवू? एका खोलीत तीन-तीन सुना घाल, घर आपसूक वाकडं व्हतंय." सासूबाई आतूनच ओरडल्या, "दोनच हायत्या अजून, तरी वाकडं व्हाया लागलंय!" त्या घरात मी मोकळेपणी हसले ती ही पहिली वेळ.

त्यांची शिकवायची एक रीत होती. माझं चुकलं की त्या कधी बोलायच्या नाहीत. हातातलं काढून घ्यायच्या, चूक जिथं असेल तिथपर्यंत दोरा सर्रकन ओढून उसवायच्या आणि मोकळा दोरा परत माझ्या हातात द्यायच्या. एक शब्द नाही. काय चुकलं ते मी शोधायचं. पहिल्या महिन्यात दिवसातून दहादा माझ्या हातात दोरा परत यायचा. एकदा रडकुंडीला येऊन मी म्हणाले, "नुसतं सांगा ना, अक्का!" त्यावर म्हणाल्या, "सांगितल्यालं कानात ऱ्हातंय बाई, हातात न्हाय उतरत." पुढं आम्हा दोघींत ही भाषाच होऊन गेली. त्या थकल्या असल्या आणि एखादा खांब कमी पडला तर मीही उसवून दोरा त्यांच्या हातात द्यायचे. त्या चष्म्यावरून बघायच्या, "आता गं बया, मास्तरीण झाली का तू?" म्हणायच्या आणि पुन्हा सुरू करायच्या. त्यात अपमान नव्हता. उलट एक मान होता. तुझं तुलाच दुरुस्त करता येतंय, असा.

पुढं थोरल्या भावजींना कारखान्यात नोकरी लागली आणि अक्का भवानीनगरला गेल्या, आम्ही जळोचीला घर बांधलं. पुढं भावजी वारले, रूपा लग्न होऊन इंदापूरला शाळेत शिक्षिका झाली, आणि अक्का भवानीनगरच्या त्या घरात एकट्या राहिल्या. रूपानं किती वेळा बोलावलं. "जावयाच्या घरी मी पाव्हणी म्हणून यीन, ऱ्हायला न्हाय," हे त्यांचं ठरलेलं उत्तर. मग मी एक उद्योग काढला. बारामतीत बायकांच्या सामानाचं एक दुकान आहे, तिथल्या बाईंना पिळांच्या पर्स आवडल्या. अक्का पीळ करणार, मी पर्स आणि पाऊच शिवून त्यांना ते जोडणार आणि दुकानात पोचवणार, अशी वाटणी झाली. दर गुरुवारी मी स्कूटीवरून भवानीनगरला जायचे, झालेले पीळ घ्यायचे, नवी लोकर द्यायचे, आम्ही चहा प्यायचो, अक्का सगळ्या आळीच्या नकला करून दाखवायच्या. सात वर्षं हे चाललं. माझ्या आयुष्यातले गुरुवार तेवढे चांगले गेले.

मागच्या वर्षी गौरी-गणपतीच्या आधीच्या एका गुरुवारी आणलेले पीळ घरी येऊन ओतले, तर त्यात तीन-चार वेगळे दिसले. सुरुवातीला छान वळलेले आणि शेवटाकडं जिभेसारखे सपाट. मोजून पाहिलं. पुढं पुढं घरात तीनच्या ऐवजी दोनच खांब होते, एखादं घर रिकामंच सुटलेलं. मला वाटलं, सणाची गडबड, घाईत झालं असेल. दुकानात तसे देता येत नव्हते, म्हणून मी ते उसवले आणि त्याच लोकरीचे स्वतः पुन्हा केले. पुढच्या गुरुवारी सात निघाले. त्याच्या पुढच्या गुरुवारी निम्मे. अक्का मोजायच्या जुन्या पद्धतीनं, धान्य मापताना एकाला लाभ म्हणतात तसं, "लाभ, दोन, तीन." एका दुपारी माझ्यासमोर विणता विणता त्या "लाभ, दोन..." म्हणून थांबल्या. पुन्हा "दोन" म्हणाल्या. पुन्हा "दोन." मग माझ्याकडं बघून हसल्या, "तीनला आज सुट्टी दिसतीया." मीही हसले. त्या दिवशी त्यांच्या हातून बशी निसटली. सुईसुद्धा दोनदा पडली. मी पाहिलं. पाहिलं नाही असं आता म्हणता येणार नाही.

रीतीप्रमाणं मी काय करायला हवं होतं? एक वाकडा पीळ घ्यायचा, त्यांच्या समोर उसवायचा आणि दोरा त्यांच्या हातात द्यायचा. एवढंच. त्यांना कळलं असतं. आपल्या हाताला तीन खांब मोजता येत नाहीत, हे कळल्यावर अक्का गप्प बसणारी बाई नव्हती. दुसऱ्या दिवशी एसटी धरून डॉक्टरकडं गेली असती आणि डॉक्टरलाच दटावलं असतं. मी अर्धी रीत पाळली. उसवत राहिले, पण दोरा परत दिला नाही.

का दिला नाही, याची मी स्वतःला बरीच उत्तरं दिली. त्या वयानं थोर, मन दुखावेल. एकट्या राहतात, तेवढाच विरंगुळा, तो कशाला मोडा. हे सगळं थोडं थोडं खरंही आहे. पण खालचं खरं वेगळं आहे. मी उसवून नवे केलेले पीळ दुकानात दिले तेव्हा बाई म्हणाल्या, "ह्या खेपेला काय सुरेख आलंय हो काम! एकासारखं एक." तीस वर्षं मी अक्कांच्या हाताखाली होते. माझ्या ताठ खांबांना त्या चेष्टेनं "मांडवाच्या मेढी" म्हणायच्या, सगळ्या घरादारासमोर. आणि आता माझं काम त्यांच्यापेक्षा चांगलं ठरलं होतं. गुरुवारी घरी येऊन पिशवी ओतायची आणि चुका शोधायच्या, यात मला गोडी लागली. जास्त निघाल्या की आत कुठंतरी बरं वाटायचं. मी दुष्ट नाही, निदान त्या वेळी मला तसं वाटत नव्हतं. मी तर मदत करत होते. दुकानातल्या बाईंचं कौतुक मी अक्कांना सांगितलं तेव्हा त्या पदर सावरत म्हणाल्या, "मग? हात कुणाचा हाय!" मी म्हणाले, "तुमचाच की."

संक्रांतीच्या आसपास अक्का माझ्याकडं जळोचीला आल्या होत्या. खुंटीला तयार पर्सांची माळ होती. त्या उठून जवळ गेल्या, एका पर्सचा पीळ बोटांत घेतला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला. बराच वेळ.

"हे माझं न्हाय," त्या म्हणाल्या.

मी पिठात हात घालून बसले होते. "तुमचंच हाय अक्का. गेल्या गुरुवारचं."

"माझं न्हाय गं. माझा खांब असा उभा न्हाय ऱ्हात. हा तुझा हाय."

त्यांना टाक्यावरून हात ओळखू आला होता. अक्षरावरून माणूस ओळखू यावा तसा. मला तिथं थांबता आलं असतं, अजून वेळ होता. मी म्हणाले, "काहीतरीच तुमचं. डोळं तपासून घ्या आधी, चष्म्याचा नंबर वाढलाय."

त्या माझ्याकडं बघत राहिल्या. अक्का खोटं चटकन ओळखायच्या, आयुष्यभर ओळखत आल्या. पण या वेळी त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी माझ्यावर नाही, स्वतःवर अविश्वास दाखवला. "माझंच व्हय...?" त्या हळूच म्हणाल्या. "बरं. असंल." आणि पीळ सोडून दिला.

मी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडं नेलं, खोटं खरं करायला. नंबर खरंच थोडा वाढला होता. नवा चष्मा लावून त्या घरी आल्या आणि त्यानंतर त्यांनी माझ्या घरातल्या पर्सांकडं पाहणंच सोडलं. नकला बंद झाल्या. गुरुवारी चहा माझ्या पुढं ठेवून त्या नुसत्या विणत बसायच्या, मोजणं आता तोंडातल्या तोंडात. मी पिशवी उचलायचे तेव्हा विचारायच्या, "बरं झालंय ना गं?" आणि मी म्हणायचे, "एक नंबर."

उन्हाळा सुरू झाला आणि एका सकाळी शेजारच्या सुमनताईंना त्या पडवीत पडलेल्या दिसल्या. बारामतीच्या दवाखान्यात नेलं, डोक्याचा फोटो काढला. डॉक्टर तरुण होते, शांतपणे बोलणारे. गाठ जुनी आहे म्हणाले, बरेच महिने वाढत असणार, आता फार मोठी झाली आहे. मग त्यांनी विचारलं, "यांच्यात आधी काही बदल जाणवला नाही का तुम्हाला? वस्तू हातातून पडणं, मोजण्यात घोळ, नेहमीचं काम चुकणं?"

रूपा म्हणाली, "न्हाय हो डॉक्टर. आई ठणठणीत होती. ह्या काकींना विचारा, दर आठवड्याला किती विणायची ती. आणि किती नाजूक काम! होय की नाही गं, काकी?"

डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली. होय म्हणून.

"मग लक्षात येणं अवघडच होतं," डॉक्टर म्हणाले. "लवकर कळलं असतं तर..." आणि रूपाकडं बघून त्यांनी वाक्य सोडून दिलं.

सुमनताईंनी अक्कांची विणकामाची पिशवी दवाखान्यात आणून माझ्या मांडीवर ठेवली होती. कशासाठी, त्यांनाही ठाऊक नसेल. आत एक मरून रंगाचा पीळ अर्धा झालेला होता, सुई त्यातच अडकलेली. मी तो बाहेर काढला. पीळ नव्हताच तो. पहिली चार-पाच घरं कशीबशी भरलेली, पुढं एकाच घरात सात-आठ खांब एकावर एक कोंबलेले, पुढं रिकामी साखळी, मग गाठ. त्या सकाळी अक्का त्याच्याशी किती वेळ झटत होत्या कोण जाणे. आणि मी काय केलं? आत त्यांना नळ्या लावत होते, बाहेर भर दुपारी बाकावर बसून मी तो उसवला. ठरवून नाही. आठ महिन्यांची सवय, हात आपोआप चालले. त्याच सुईनं, त्याच लोकरीचा, तीसच्या तीस घरांचा नीट पीळ केला, शेवटी गाठ मारली आणि पिशवीत ठेवून दिला. तेव्हा मला खरंच वाटलं होतं की मी अक्कांचं काहीतरी आवरून ठेवते आहे.

तेराव्यानंतर घर आवरताना रूपाला ती पिशवी सापडली. पीळ हातात घेऊन ती जमिनीवरच बसली आणि पहिल्यांदा मोठ्यानं रडली. "आईचं शेवटचं." तिनं तो आपल्या घराच्या किल्ल्यांना बांधला. नंतर येईल त्याला ती तो दाखवायची. मलाही दाखवला, जणू मी कधी पाहिलाच नव्हता. "काकी, बघ तरी. एक टाका इकडचा तिकडं न्हाय. म्हंजे पडायच्या आदल्या घडीपर्यंत आईला काही त्रास नव्हता गं. डोकं, हात, सगळं जागेवर होतं. मला रात्रंदिवस वाटतं, मी तिला एकटी ठेवली, माझं लक्ष नव्हतं. पण हे बघितलं की जरा शांत वाटतं. कुणाला कळणारच नव्हतं ना ते?"

मी पीळ तिच्या हातात परत दिला. घरी आले. रूपाला जी शांतता मिळत होती ती माझ्या हातची होती. ती तशीच राहू द्यावी, असं मी स्वतःला समजावलं. पण असंच समजावून मी अक्कांना आठ महिने फसवलं होतं. आईला फसवलं त्याच कारणानं मुलीलाही फसवायचं, आणि पुन्हा त्याला माया म्हणायचं... मागच्या रविवारी मी इंदापूरला गेले. रूपाच्या स्वयंपाकघरात बसून सगळं सांगितलं. वर लिहिलं आहे तेवढं सगळं. दुकानातल्या बाईंच्या कौतुकासकट.

ती मध्ये एकदाच बोलली. "आईनं ओळखलं होतं?"

"व्हय. मी त्यांना चष्मा बदला म्हणाले."

तिनं गॅसवर चहा ठेवला. गाळला. कप माझ्यासमोर ठेवून म्हणाली, "घ्या तुमी." मी लग्न होऊन आल्यापासून, ती रांगत होती तेव्हापासून, रूपानं मला कधी अहो-जाहो केलं नव्हतं. मग तिनं किल्ल्यांचा जुडगा घेतला, नखानं गाठ सोडवली आणि तो मरून रंगाचा पीळ माझ्या कपाजवळ ठेवला. राग नव्हता तिच्या हातात. नको असलेली वस्तू ज्याची त्याला द्यावी, तसं.

"ह्या आठ महिन्यांतलं आईच्या हातचं एक तरी असंल तुमच्याकडं," ती म्हणाली. "चुकल्यालं. उसवायचं ऱ्हायल्यालं. मला जुनं चांगलं नको, ते माझ्याकडं पेटीभर हाय. ती एकटी बसून जे करत होती, ते मला बघायचंय. वाकडं असलं तरी. वाकडंच द्या."

मी घरी येऊन कपाटं उपसली. शिलाई मशीनचे खण, जुन्या पिशव्या, पर्सांची अस्तरं, लोकरीचा पेटारा. दुकानात जाऊन बाईंना विचारलं, त्यांनी उरलेला सगळा माल समोर मांडला. प्रत्येक पीळ उलटा करून पाहिला. सगळे नीट. खांब ताठ उभे, माझे. आठ महिने त्या बाईनं रोज बसून, मोजणं सुटत असताना, सुई बोटांतून निसटत असताना, जे काही वाकडंतिकडं केलं त्यातला एक टाकाही मी जगात शिल्लक ठेवलेला नाही.

परवापासून मी दुपारी सुई घेऊन बसते. त्यांचा एखादा तरी पीळ आठवून तसाच करावा म्हणते. रूपाला द्यायला नाही, पुन्हा फसवायचं नाही, नुसता मला एकदा बघायला. पहिली पाच घरं बरोबर, मग दोन खांब, मग रिकामं घर. सगळं मला पाठ आहे, माझ्याइतक्या त्या चुका कुणी पाहिलेल्या नाहीत. मी मुद्दाम एक खांब गाळते, मुद्दाम दोरा सैल सोडते. पण केलेलं हातात घेतलं की कळतं, ही चूक मोजून केलेली आहे. अक्का तिथं नाहीत. दुपार संपेपर्यंत मी पुन्हा पुन्हा साखळी घालते, आणि जरा लक्ष दुसरीकडं गेलं की माझा हात आपला घरात तीन खांब भरतो, आणि पीळ छान वळू लागतो.